सेडान, बर्फ आणि टायरवरची अक्षरं

मदन महलच्या चढावर जानेवारीतही ऑल-सीझन टायर पुरतो. पण त्याच टायरच्या भरवशावर स्पोर्ट्स सेडान मनालीच्या बर्फात घालणाऱ्यांशी माझं भांडण आहे. ‘एम प्लस एस’ हा फक्त कंपनीचा दावा; बर्फावर चाचणी झाल्याची खूण म्हणजे तीन शिखरं आणि त्यांतला हिमकण. "पण गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे!" असेल. त्याने गाडी सुटते, थांबत नाही. थांबवतो तो टायर. आमच्या जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनलेल्या स्टॅलियन ट्रकलाही बर्फात साखळ्या चढवाव्या लागतात. मग जमिनीलगतच्या तुमच्या सेडानला कसली सूट? टायरवर खूण नाही, डिकीत साखळ्या नाहीत, तर गाडी खालीच ठेवा. मागच्या सीटवर पोरं असतात.