कुंपणाला वनजाई

मढच्या पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला मालाडची खाडी. मढ, एरंगळ, आक्सा या पट्ट्यात बंगल्यांची आणि रिसॉर्टची आवारे जवळजवळ आहेत आणि खारा वारा, वाळू, मचूळ पाणी यांना तोंड देईल असे कुंपण प्रत्येकालाच हवे असते. मुंबईत अशा जागी सोनेरी दुरांटा, बोगनवेल किंवा कोनोकार्पस लावून मोकळे होतात. तिन्ही परदेशी. त्यातल्या कोनोकार्पसवर तर गुजरातच्या वनविभागाने 2023 मध्ये बंदीच घातली. मढच्या कुंपणांना यांच्याऐवजी वनजाई लावावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. नर्सरीत ती कोयनेल किंवा कडू मेंदी म्हणून मिळते. भारतापासून ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिक बेटांपर्यंतच्या किनाऱ्यांवर, कांदळवनाच्या जमिनीकडच्या कडेला ती आपसूक वाढते. तिची फळे पाण्यावर तरंगतात आणि भरती-ओहोटीबरोबर दूरवर जातात. खारेपणा तिला सोसावा लागत नाही, तो तिच्या घरचाच आहे.

तुळशीच्या कुळातल्या या झुडपाचे फूल बारकाईने पाहण्यासारखे असते. पांढरी, लांब, बारीक नळी आणि तिच्यातून बाहेर झेपावलेले जांभळट-तांबडे पुंकेसर. मध नळीच्या तळाशी असल्यामुळे लांब सोंडेच्या पाहुण्यांचीच तिथे सोय होते: तिन्हीसांजेला हॉक मॉथ जातीचे मोठे पतंग, दिवसा फुलपाखरे, मधूनच एखादा शिंजीर. फूल उमलते तेव्हा पुंकेसर पुढे ताठ असतात आणि स्त्रीकेसर खाली वळलेला असतो. नंतर पुंकेसर मिटून मागे जातात आणि त्यांच्या जागी तो येतो. त्यामुळे पराग एका फुलावरून दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच. मधापेक्षाही मला पाने मोलाची वाटतात. मध देणारी शोभेची झाडे पुष्कळ मिळतील, पण अळी पोसणारे झाड नसेल तर फुलपाखरू किंवा पतंग केवळ वाटसरू ठरतो. वनजाईच्या जवळच्या नात्यातल्या झुडपांवर आणि तिच्यावरही काही हॉक मॉथच्या अळ्या वाढतात. शिंपी, दयाळ यांच्या पिल्लांना अशाच अळ्या लागतात. दाट फांद्यांत बुलबुल घरटे करतो. कडू पानांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, हा माणसाचा फायदा.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: कोयनेलची कुंपणे मुंबईत आधीपासून आहेत, मग त्यांवर फुलपाखरे का दिसत नाहीत? कारण त्या कुंपणांवर फूलच दिसत नाही. कळ्या कोवळ्या शेंड्यांजवळ, पानांच्या बगलेत येतात आणि महिन्या-महिन्याला फिरणारी कात्री नेमक्या त्याच कापते. भिंतीसारखे सरळ कुंपण हवे असेल तर रस्त्याकडची बाजू छाटावी, आतली मोकळी सोडावी. जोरकस छाटणी पावसाच्या तोंडावर एकदा केली की पुरते. दाट झुडपात साप येतात, ही भीतीही लोक बोलून दाखवतात. साप उंदरांच्या मागे येतो आणि उंदीर उघड्या कचऱ्यामागे. कचरा उचलला आणि बुंध्याशी वीतभर जागा स्वच्छ ठेवली तर दोष झुडपाला द्यावा लागत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. खाडीकाठी भराव पडत असताना कुंपणाच्या झुडपाची चर्चा कशाला? वनजाई तिवराची जागा घेऊ शकत नाही, आणि तोडलेल्या कांदळवनाच्या भरपाईत तिची गणना कोणी करू लागला तर त्याला विरोधच केला पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात राज्यभर कांदळवनतोडीला मनाई केली आणि कांदळवनाभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी घातली. हे रक्षण कायद्याचेच काम आहे. पण त्या पट्ट्यापलीकडे जी आवारे आज उभीच आहेत, तिथे काय लावायचे हे मालकाच्या हातात असते. त्याला खर्चही फार येत नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या जूनमध्ये हात-हात अंतरावर, भरपूर उन्हात, भरतीच्या रेषेच्या वर लावाव्यात आणि मुळे धरेपर्यंत माती ओली ठेवावी. छाटणीत निघालेल्या काड्या शेजारच्या आवाराला देता येतात.