जुनी मोटारसायकल, सुटे भाग आणि दुकानदाराची जबान

नवी मुंबईत तुर्भे, कोपरखैरणे, तळोजा या भागांत फेरीने कापड विकणारे, एसी-फ्रिज दुरुस्त करणारे, सुतारकाम करणारे आपले अनेक बांधव आजही पंधरा-वीस वर्षे जुन्या मोटारसायकलवर आपला धंदा चालवतात. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते, असे प्रत्येक वेळी नाही. हप्ता डोक्यावर नको आणि गाडीचे इंजिन गल्लीतल्या मिस्त्रीला उघडता यावे, हा साधा हिशेब असतो. अडचण येते ती सुट्या भागांची. भाग मिळत नाही ही एक अडचण; मिळालेला भाग नेमका कोणता हे कळत नाही, ही त्याहून मोठी.

भाग मिळेल की नाही, हे केवळ गाडीच्या वयावर ठरत नाही. हिरो होंडाची सीडी-१०० बाजारात आली १९८५ साली. त्याच घराण्याचे ९७.२ सीसीचे इंजिन घेऊन १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि ती आजही विकली जाते. दोन्ही कंपन्यांची भागीदारी २०१० च्या अखेरीस मोडली, तरी या घराण्याचे पिस्टन, रिंग, क्लच प्लेट सहज मिळतात. याउलट यामाहा आरएक्स-१०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि आता तिच्या भागांवर शौकिनांची नजर असते. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला तो भाव परवडत नाही. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये परत आले खरे, पण नव्या गाडीचे इंजिन पाण्याने थंड होणारे, अगदी निराळे. तेथे जुन्या येझदीचा पिस्टन मागणे म्हणजे फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये जाऊन मिलचा लट्ठा मागण्यासारखे आहे.

आमच्या दुकानातील एका कामगाराच्या गाडीचा किकचा गिअर झिजला. अधिकृत विक्रेत्याने यादी न पाहताच ‘आता येत नाही’ म्हणून सांगितले आणि नव्या गाडीचे रंगीत पत्रक हातात ठेवले. आम्ही वाशीहून हार्बरच्या लोकलने कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. झिजलेला गिअर बरोबर होता. दुकानदाराने दाते मोजले आणि तसाच दुसरा काढून दिला. नमुना बरोबर नेणे आणि गाडीचे मॉडेल, साल व इंजिन नंबर कागदावर लिहून नेणे, एवढ्याने निम्मी पायपीट वाचते.

परंतु एकाच भागाचे तीन डबे आणि तीन भाव समोर आले की ग्राहक गोंधळतो. फरक विचारला तर ‘सब ओरिजिनल है’ हे उत्तर बाजारात सर्रास मिळते. आम्ही कापडवाले हे उत्तर चांगले ओळखतो. भिवंडी-मालेगावच्या पॉवरलूमचा माल वाईट नसतो, लाखो घरांत तोच वापरला जातो. त्याच्या काठावर मिलचा शिक्का मारून मिलच्या भावात विकला, की तेथे ऐब सुरू होतो. सुट्या भागांचेही तसेच आहे. गाडीची कंपनी सर्वच भाग स्वतः बनवत नाही. रिंग, बेअरिंग, चेन बनवणारे कारखाने वेगळे असतात, आणि त्यांपैकी अनेक जण कंपनीला माल देऊन तोच प्रकार आपल्या नावाने बाजारातही विकतात. हा माल चोख असतो आणि बहुधा स्वस्तही. त्याखाली नक्कल, आणि त्याशिवाय भंगारातल्या गाडीतून काढलेला जुना भाग. साइड कव्हर किंवा टाकीचे झाकण जुने घेण्यात काहीच वावगे नाही. ब्रेक शू मात्र नक्कल निघाला तर ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकच्या मागे काय होईल ते सांगायला नको. म्हणून आमची दुकानदार बांधवांना विनंती आहे की बिलावर कंपनीचा, अमुक कारखान्याचा, लोकल की जुना, हे स्पष्ट लिहावे. ग्राहकानेही बिलाचा आग्रह धरावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो फरक बिलाशिवाय दिसणार कसा?

मोठ्या कंपन्यांनाही यातून सूट नाही. खुल्या बाजारात सुटे भाग मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले आणि ते चारचाकींचे होते. पण गल्लीतल्या मिस्त्रीलाही भाग मिळाला पाहिजे, हा मुद्दा त्यात मान्य झाला. दुचाकीवाल्यांनी तो उचलून धरायला हवा.

जेथे भाग मिळतच नाही तेथे हुनर कामाला येतो. सिलिंडर झिजला तर बोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो. बुश खराद यंत्रावर बनतो. रबाळे, महापे, तुर्भे येथील गाळ्यांत असे काम करणारे उस्ताद आहेत, पण त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले कमी झाली आहेत. मायक्रोमीटर वाचता येणाऱ्या मुलाला काम शोधत फिरावे लागत नाही, हे आम्ही पाहतो.

आता कागदपत्रांबद्दल. पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी मोडीतच काढावी लागते, अशी अफवा ऐकून काहींनी चालू गाड्या भंगाराच्या भावात दिल्या. तो निर्बंध दिल्ली परिसरासाठीचा. आपल्याकडे तपासणी होऊन पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते. मोटारसायकलची फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० ऐवजी १,००० रुपये झाली, वीस वर्षांवरील गाडीला २०२५ पासून २,०००. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपण्याआधी अर्ज करावा, आणि तपासणीला जाण्यापूर्वी हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा व टायर मिस्त्रीकडून पाहून घ्यावेत.