नळी काढण्याआधी एक चमचा पाणी

लकव्याचा झटका आल्यावर आमच्या चाचांना नाकातल्या नळीसकट घरी आणले. दूध, डाळीचे पाणी, औषधे, सारे नळीतूनच. पंधरा दिवसांनी ते खुणेने चहा मागू लागले. चाचींना राहवेना, त्यांनी दोन चमचे पाजले. ठसका लागला नाही, म्हणून आम्ही सगळे खूश झालो. रात्री ताप चढला, छाती घरघरू लागली. चहा फुफ्फुसात उतरला होता.

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही विसरलो नाही. लकव्यानंतर जवळपास निम्म्या रुग्णांचे गिळणे बिघडते. घशाची जाणीव मंद झाली असेल, तर घोट श्वासनळीत शिरूनही खोकला येत नाही. म्हणून ‘ठसका नाही, म्हणजे सारे ठीक’ हा हिशेब चुकीचा.

नळी काढण्याआधी गिळण्याची तपासणी होते. ती बहुधा स्पीच थेरपिस्ट करतात. रुग्ण पूर्ण जागा आहे का, ताठ बसतो का, लाळ गिळतो का, मुद्दाम जोरात खोकतो का, हे आधी पाहतात. मग तोंड स्वच्छ करून चमचाभर पाणी देतात आणि ‘आ’ म्हणायला लावतात. आवाज ओला, घोगरा आला तर तिथेच थांबतात. जमले तर हळूहळू वाढवत 90 मिलिलिटर पाणी एका दमात पिता येते का, ते पाहतात. शंका राहिली तर नाकातून बारीक दुर्बीण घालतात, किंवा बेरियम मिसळलेला घास देऊन तो कुठे जातो हे एक्स-रेच्या पडद्यावर तपासतात.

गिळता आले म्हणून लगेच नळी निघत नाही. जेवण, पाणी आणि औषधे तोंडावाटे पुरेशी जातात, हे काही दिवस पाहून मगच काढतात. अशा रुग्णाला पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ बहुधा जास्त अवघड जातात. दाट खिमटी सोपी. भरवताना ताठ बसवा, घास लहान ठेवा, जेवल्यावर अर्धा तास आडवे करू नका.

भेटायला येणारे प्रेमाने आबे जमजमचा घोट तोंडात घालू पाहतात. त्यांना नम्रपणे थांबवा. प्रेम त्यांचे खरे, पण धोकाही तितकाच खरा.

चाचांची नळी सहाव्या आठवड्यात निघाली. त्या दिवशीचा चहाही चाचींनीच पाजला. फरक एवढाच, की या वेळी आधी तपासणी झाली होती.