रुग्णाचा किराणा आणि आपले पथ्यपत्रक

आपल्यापैकी बहुतेकांच्या टेबलावर छापील पथ्यपत्रकांचा एक गठ्ठा असतो. व्याधीचे नाव पाहून त्यातील एक कागद काढायचा, दोन ओळींवर खूण करायची, एखादी ओळ खोडायची आणि औषधांच्या पुड्यांबरोबर तो रुग्णाच्या हाती द्यायचा, हा आपला नित्यक्रम. जुने तांदूळ, मूग, गाईचे दूध, गाईचे तूप, डाळिंब, काळ्या मनुका, सैंधव. यादी शास्त्रशुद्ध असते. परंतु यातील वस्तू रुग्णाच्या घरी कोणत्या पैशांतून येतात आणि त्या आल्यामुळे त्या घरात दुसरे काय यायचे थांबते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. मीही अनेक वर्षे विचारला नव्हता. तो विचारणे हा चिकित्सेचाच भाग आहे, असे माझे आता मत झाले आहे आणि ते समव्यावसायिकांपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी कारखान्यात पाळीने काम करणारा एक गृहस्थ अम्लपित्ताच्या जुन्या त्रासासाठी माझ्याकडे आला. घरी पत्नी, दोन शाळकरी मुले आणि वृद्ध आई. मी नेहमीप्रमाणे औषधे दिली आणि पथ्य लिहून दिले. रुग्ण पथ्याला पक्का निघाला. दोन महिन्यांत घशाशी येणे, छातीतील दाह, डोकेदुखी यांत स्पष्ट उपशय दिसला. माझ्या दृष्टीने ती एक यशस्वी केस होती.

सहा महिन्यांनी त्याची पत्नी आली. चालताना धाप, पायांत गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, त्वचेवर पांडुरता. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या आत होते. मासिक स्रावाची तक्रार नव्हती, कृमींचा इतिहास नव्हता. आहाराविषयी विचारू लागलो तेव्हा त्या बाईंनी अगदी सहजपणे सांगितले, "डॉक्टर, किराण्याचे पैसे ठरलेले असतात. ह्यांचं तूप, मनुका, डाळिंब आणायचं म्हणून शेंगदाणे, गूळ, मटकी कमी केली. माझं दूधही बंद केलं. मला काही पथ्य नव्हतं ना."

त्या वाक्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. एकाला सांगितलेल्या पथ्याची किंमत दुसऱ्याने लंघन करून चुकविली होती. ते लंघन मी लिहून दिले नव्हते, परंतु ते माझ्याच कागदातून निर्माण झाले होते.

घरखर्चाचे आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने केलेल्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीचे २०२३-२४ चे निष्कर्ष प्रत्येक वैद्याने एकदा तरी नजरेखालून घालावेत असे आहेत. त्यानुसार महाराष्ट्रात दरडोई सरासरी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,१४५ रुपये, तर शहरी भागात ७,३६३ रुपये होता. देशपातळीवर ग्रामीण कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबांच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के रक्कम खाण्यापिण्यावर जाते. हे प्रमाण लावून पाहिले तर ग्रामीण भागातील पाच माणसांच्या घराचा एकूण खर्च पावणेएकवीस हजारांच्या आसपास आणि त्यातील अन्नाचा वाटा साडेनऊ ते दहा हजारांचा येतो. त्यात किराणा, भाजीपाला, दूध, फळे, अंडी आणि बाहेरचे खाणे असे सर्व आले. ही सरासरी आहे. आपल्या दवाखान्यात येणारी अनेक घरे तिच्या बरीच खाली असतात.

आकड्यांचा दुसरा भाग अधिक बोलका आहे. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबे एकूण खर्चातील सुमारे २२ टक्के रक्कम धान्यावर खर्च करीत. आज हा वाटा पाच टक्क्यांवर आला आहे. त्याच काळात पेये, तयार पदार्थ आणि प्रक्रिया केलेले अन्न यांचा वाटा चार टक्क्यांवरून जवळजवळ दहा टक्क्यांवर गेला. अन्नावरील खर्चात आज सर्वांत मोठा वाटा याच गटाचा आहे, दुधाचा त्याच्या खालोखाल. डाळी-कडधान्यांच्या वाट्याला दोन टक्क्यांच्या आसपासच रक्कम येते. या गटात चहा आणि खानावळीतले जेवणही मोजले जाते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. धान्यावरील खर्च कमी झाला त्याला दूध, अंडी, फळे अधिक प्रमाणात घेतली जातात हे स्वागतार्ह कारणही आहे. तरीही बिस्किटे, फरसाण, शेव आणि शीतपेये यांनी घराच्या अर्थकारणात घेतलेली जागा आपण रोज पाहतोच.

आपला जिल्हा

नगर जिल्ह्याचे (२०२४ पासून अहिल्यानगर) आहारचित्र एकसारखे नाही. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि साखर येथील घराघरांत रुळली. पाथर्डी, जामखेड, कर्जत या अवर्षणप्रवण पट्ट्यांत रब्बीची ज्वारी आणि बाजरी हे जगण्याचे साधन राहिले. अकोल्याच्या डोंगराळ भागात भात, नाचणी, वरई होते. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील अन्नवैविध्याची अनेकांना नव्याने ओळख झाली.

प्रमेहाच्या रुग्णाला आपण यव लिहितो. आडतेबाजारातून शोधून आणलेले जव त्याच्या घरी चार दिवस शिजतात आणि मग डबा कोपऱ्यात जातो. ज्वारी, नाचणी, वरई ही त्याच्या ओकसात्म्याची धान्ये मात्र आपल्या छापील कागदावर क्वचितच असतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यानंतर नाचणी शहरातील दुकानांत मोठ्या दिमाखाने आली. पण ती आली बिस्किटाच्या रूपाने, साखर आणि पामतेल सोबत घेऊन.

शिधावाटपाचाही विचार करावा लागतो. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना जानेवारी २०२३ पासून दरमाणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. त्यामुळे गरीब घराचा धान्याचा भार निश्चित हलका झाला, हा मोठाच दिलासा आहे. मात्र हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ असते. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' या संचात एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल होते. सणाचा तो शिधा होता, त्यावर टीका करण्याचा हेतू नाही. पण त्या चार वस्तूंपैकी तीन आपण मधुमेही आणि स्थूल रुग्णांना वर्ज्य सांगतो. रुग्णाच्या घरी स्वस्तात पोहोचणारे अन्न आणि आपण सांगितलेले अन्न यांत किती अंतर आहे, ते येथे दिसते.

राशीचा विचार

चरकाचार्यांनी आहारविधीची जी आठ आयतने सांगितली, त्यांत राशि हे एक आहे. राशीचे सर्वग्रह आणि परिग्रह असे दोन प्रकार. एकूण आहाराची मात्रा तो सर्वग्रह, त्यातील एकेका द्रव्याची मात्रा तो परिग्रह. आपण हा विचार रुग्णाच्या ताटापुरता करतो. माझे म्हणणे असे, की तो घराच्या महिन्याच्या किराण्यालाही लावावा. दुकानाचे एकूण बिल हा सर्वग्रह धरला, तर तेल, साखर, डाळ यांचे वजन हा परिग्रह होय.

त्यासाठी फार हिशोब लागत नाही. महिन्याला आणलेल्या वजनाला माणसांच्या संख्येने आणि तीसने भागावे. पाच माणसांच्या घरात तेलाचा पाच लिटरचा डबा लागत असेल तर दरडोई रोज सुमारे तीस ग्रॅम तेल झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या आहारासाठी २७ ग्रॅम स्नेह सांगितला आहे. डब्यानंतर तेलाच्या आणखी दोन पिशव्या येत असतील आणि फरसाण वेगळे, तर रुग्ण 'तेलकट खात नाही' असे सांगतो त्याचा अर्थ आपल्याला समजतो. पाच किलो साखर म्हणजे दरडोई रोज तेहतीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना साधारण पंचवीस ग्रॅमच्या खाली राहणे अधिक हितकर मानते, आणि त्यात बिस्किटांतील व शीतपेयांतील साखरही धरते. डाळी-कडधान्ये मिळून चार किलो येत असतील तर ती दरडोई रोज सत्तावीस ग्रॅम होतात. त्याच मार्गदर्शिकेत हे प्रमाण ८५ ग्रॅम आहे. नाडी, जिव्हा, मल, मूत्र यांच्या परीक्षेइतकीच ही परीक्षाही निदानाला साहाय्यक ठरते आणि तिला दोन मिनिटे पुरतात.

काही आक्षेप

या विषयावर सहकाऱ्यांशी बोलताना दोन आक्षेप ऐकले. पहिला असा, की पैशांविषयी विचारणे रुग्णाला अपमानास्पद वाटते. 'तुम्हाला परवडेल का' असे विचारले तर ते खरेच आहे. स्वाभिमानी माणूस 'परवडेल' असेच उत्तर देतो आणि मग घरात कोणीतरी आपला वाटा कमी करते. परंतु 'महिन्याला तेल किती लागते, डाळ किती आणता' या प्रश्नात अपमान नाही. गृहिणी तर या प्रश्नाचे उत्तर मोठ्या उत्साहाने देते, कारण तिच्या कामाविषयी तिला कोणीतरी प्रथमच गांभीर्याने विचारलेले असते.

दुसरा आक्षेप असा, की वैद्याने वाण्याचे काम कशाला करावे? यावर माझे उत्तर एवढेच, की आहाराला त्रय उपस्तंभांत पहिले स्थान देणाऱ्या शास्त्राचे आपण अध्येते आहोत. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी याच नगरात राहून औषधींच्या गुणधर्मांचा बारकाईने विचार केला. जामखेड परिसरात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभारलेल्या प्रकल्पात गावातील स्त्रियाच आरोग्यसेविका झाल्या. अशी सेविका शेजारणीची चूल ओळखून असते. ती चूल आपल्या केसपेपरवर कोठेच नसावी, हे आपल्या शास्त्राला शोभणारे नाही.

काही सूचना

पहिली सूचना केसपेपरविषयी. त्यावर घरातील माणसांची संख्या आणि तेल, साखर, डाळी यांचे मासिक वजन, एवढा एक रकाना असावा.

दुसरी सूचना अशी, की पथ्यात एखादी खर्चाची वस्तू वाढविली तर कोणती वस्तू कमी करावयाची तेही आपणच लिहावे. ते लिहिले नाही, तर निवड घरातील स्त्री करते आणि ती बहुधा स्वतःच्या ताटातून करते. दहा रुपयांचे बिस्किटांचे दोन पुडे रोज येत असतील तर महिन्याला सहाशे रुपये होतात. पथ्याचा बराचसा खर्च तेथूनच निघतो.

तिसरी सूचना प्रतिनिधी द्रव्यांची. औषधांत अभावद्रव्याला प्रतिनिधी द्रव्य घेण्याची परंपरा आपल्याला मान्य आहे, मग पथ्यात का नसावी? जुने तांदूळ मिळत नसतील तर घरचेच तांदूळ भाजून घेतल्याने लघुत्व येते. डाळिंब महाग असेल तेव्हा हंगामात आवळा आहे. तूप लिहिताना 'साजूक तूप घ्यावे' एवढे न लिहिता चमच्याचे माप आणि दिवस लिहावेत.

चौथी विनंती औषधालयांच्या चालकांना. साळीच्या लाह्या, सुंठ, सैंधव, आवळकाठी या वस्तू छोट्या पुड्यांत, रास्त भावात ठेवल्या तर गरीब रुग्णाची मोठी सोय होईल. शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या साखरयुक्त भुकट्यांत नफा अधिक असतो, याची मला जाणीव आहे. दुकान चालवणे सोपे नाही हेही मी जाणतो. तरीही चारशे रुपयांचा तसा डबा मागणाऱ्या आईला त्याच रकमेत किती शेंगदाणे, गूळ आणि मूग येतात, हे काउंटरवरून एकदा सांगून पाहावे. ते गिऱ्हाईक तुटणार नाही, उलट विश्वासाने परत येईल असा माझा अनुभव आहे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या स्वतःच्या बिलाची. औषधांचा खर्चही त्याच घराच्या, बहुधा डाळीच्या डब्यात जपून ठेवलेल्या पैशांतून येतो. दोन कल्पांनी काम होत असताना पाच लिहिणे, हेसुद्धा कोणाच्या तरी दुधावर घाला घालणेच आहे.

वर उल्लेखिलेल्या बाईंना मी धात्री लोह आणि पुनर्नवा मंडूर दिले. त्याबरोबर त्यांच्या किराण्याची यादी समोर घेऊन आम्ही दोघांनी ती पुन्हा लिहिली. बिस्किटे आणि फरसाण खोडले, तेल एक लिटरने कमी केले, शेंगदाणे, गूळ, मटकी परत आली आणि दूध सर्वांना थोडे थोडे वाटून द्यायचे ठरले. पतीचे तूप चालू राहिले, मात्रा निम्म्यावर आली. बिलाची रक्कम होती तेवढीच राहिली. तीन महिन्यांनी त्यांची धाप गेली होती. औषधाचा त्यात वाटा होताच, पण औषध बंद केल्यावरही त्या बऱ्या राहिल्या, त्याचे श्रेय मी त्या यादीला देतो.

तेव्हापासून माझ्या टेबलावरचा छापील गठ्ठा मी काढून टाकला आहे. पथ्य हाताने लिहितो, आणि लिहिण्यापूर्वी घरात किती माणसे जेवतात हे विचारतो. समव्यावसायिकांनी हा प्रयोग एक महिनाभर करून पाहावा आणि आपले अनुभव या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावेत, ही विनंती.