दर्यावरच्या नाखव्याला बोलण्याची मुभा

दुबईतील अल मनखूलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला रत्नागिरीच्या आप्तांशी बोलताना मध्ये अथांग अरबी समुद्र पसरला आहे याची जाणीवही होत नाही. परंतु त्याच समुद्रात, हर्णै वा मालवण बंदरातून निघून किनारा दृष्टीआड झालेल्या होडीवरील तांडेलाला मात्र घरच्यांना क्षेमकुशल कळविणे अद्यापि दुष्कर आहे. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरांपलीकडे भ्रमणध्वनी मुका होतो, बिनतारी संचाचा पल्लाही मर्यादितच. आणि बंदरावर चढविलेला धोक्याचा बावटा इतक्या लांबून दिसणे तर अशक्यच. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रात गेलेल्या केरळ-तामिळनाडूच्या अनेक मच्छीमारांना वेळेवर इशारा पोहोचला नाही, आणि त्यांच्या कित्येक नौकांनी अखेर आपल्या देवगडचा आसरा घेतला.

सरकार स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१९ मध्ये आलेले ‘जेमिनी’ हे उपकरण उपग्रहामार्फत हवामानाचा इशारा होडीपर्यंत पोहोचविते. मात्र ऐकणाऱ्याला उलट उत्तर देण्याची त्यात सोय नाही. ती उणीव काही अंशी भरून काढणारी, इस्रोने विकसित केलेल्या ट्रान्सपाँडरांची योजना ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे सुरू झाली. सुमारे ३६० कोटी रुपये खर्चून एक लाख नौकांवर बसवावयाच्या या यंत्रातून दोन्ही बाजूंनी लघुसंदेश जाऊ शकतात. तथापि जखमी खलाशाच्या उपचाराविषयी डॉक्टरांचा सल्ला घेणे असो वा बंद पडलेल्या इंजिनाचा दोष कारागिरास समजावून सांगणे असो, ही कामे दोन ओळींच्या संदेशाने भागत नाहीत. तेथे प्रत्यक्ष संभाषणच हवे.

त्यास आडवी येते ती सुरक्षेची सबब. संयुक्त अरब अमिरातीतल्या ‘थुराया’ कंपनीचा उपग्रह-दूरध्वनी विनापरवाना भारतात बाळगणे गुन्हा ठरतो, आणि २००८ साली पोरबंदरची ‘कुबेर’ नौका बळकावून अतिरेकी मुंबईस आले, हे स्मरता ही खबरदारी अनाठायी म्हणता येणार नाही. पण त्याच प्रसंगाचा दुसरा बोध असा की, ज्या नौकेला तत्काळ बोलता येते, तीच संशयास्पद जहाजाची खबर किनाऱ्यास देऊ शकते. सबब बंदी नव्हे, तर नोंदणीकृत परवाना हाच सुरक्षेचा खरा मार्ग होय.

डिझेलवरील कराचा परतावा ज्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या दफ्तरांमार्फत मिळतो, त्यांच्याच मार्फत, नौकेच्या नोंदणी क्रमांकावर, भारत संचार निगमची उपग्रह-दूरध्वनी सेवा सवलतीच्या दराने देण्याची तजवीज शासनाने करावी. प्रत्येक मोठ्या बंदरावर अहोरात्र मराठीत उत्तर देणारा माणूस नेमावा. आणि पावसाळी मासेमारीबंदीच्या काळातच परवान्यांचे अर्ज निकालात काढावेत. नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर जाणाऱ्या नाखव्याला एवढी मुभा देणे हे उपकार नसून राज्याचे कर्तव्य आहे.