राखीव सिलिंडर : पडद्यावरचे आणि पुराव्यातले

1985 च्या 'पेल रायडर' या चित्रपटातील क्लिंट ईस्टवुडचा धर्मोपदेशक अनेकांना आठवत असेल. बार संपतात, तो रिव्हॉल्व्हरमधील रिकामे सिलिंडर काढतो, कमरेचे भरलेले बसवतो आणि काही क्षणांत पुन्हा सज्ज होतो. दृश्य देखणे आहे. 'अमेरिकी यादवी युद्धातले घोडेस्वार असेच लढत' हे विधान मात्र इतिहासाच्या नावाखाली इतक्या ठिकाणी वाचायला मिळते की, त्यावर एक सविस्तर धागा लिहिणे मला आवश्यक वाटले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. राखीव सिलिंडर ही वस्तू पूर्णपणे खरी आहे. तिचा खरा काळ मात्र यादवी युद्धाच्या वीस-पंचवीस वर्षे आधीचा, आणि तिच्यामागचे कारणही शौर्याचे नसून गैरसोयीचे आहे.

सॅम्युएल कोल्टला अमेरिकेतील पेटंट 25 फेब्रुवारी 1836 रोजी मिळाले. न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना निघाला. तिथली पाच बारांची रिव्हॉल्व्हर आज 'पॅटरसन' म्हणूनच ओळखली जाते. तिच्या सुरुवातीच्या नमुन्यांना दारू-गोळी ठासण्याचा दांडाच नव्हता. भरायचे झाले की पाचर काढा, नळी उतरवा, सिलिंडर बाहेर घ्या, एकेका कप्प्यात दारू घाला, वर शिशाची गोळी दाबा, मागे टोप्या बसवा आणि सगळे पुन्हा जोडा. आता विचार करा, प्रत्येक वेळी सिलिंडर बाहेर काढावेच लागणार असेल, तर तेच भरत बसण्यापेक्षा आधी भरून ठेवलेले दुसरे का बसवू नये? पॅटरसनच्या पेट्यांत राखीव सिलिंडर दिलेले आढळते, ते यासाठीच. यंत्रातील उणिवेवर काढलेला तो व्यवहारी तोडगा होता.

टेक्सास प्रजासत्ताकाच्या आरमाराने 1839 मध्ये ही शस्त्रे घेतली. पुढे ती जॅक हेजच्या रेंजरांच्या हाती आली. 8 जून 1844 च्या वॉकर्स क्रीकच्या चकमकीत सुमारे 15 रेंजरांनी कितीतरी मोठ्या कोमांची तुकडीला तोंड दिले, आणि रिव्हॉल्व्हरची कीर्ती तिथून पसरली. ही कथा बहुधा रेंजरांच्या बाजूनेच सांगितली जाते. एकबारी बंदूक पुन्हा भरेपर्यंत कोमांची घोडेस्वार अनेक बाण सोडू शकत असे. आपली भूमी राखणाऱ्यांचे हे सामर्थ्य मोडणे हाच या नव्या शस्त्राचा तिथला उपयोग होता. या कौतुककथा वाचताना एवढे ध्यानात असू द्यावे.

1847 च्या सहाबारी 'वॉकर' रिव्हॉल्व्हरला नळीखाली ठासण्याचा दांडा कायमचा जोडलेला आला. त्यानंतरच्या 1851 च्या नेव्ही आणि 1860 च्या आर्मी नमुन्यांतही तो होता. सिलिंडर जागच्या जागी भरता येऊ लागले, आणि राखीव सिलिंडरची मूळ गरजच ओसरली. चित्रपटवाल्यांची कालगणना नेमकी इथे चुकते.

आता तांत्रिक बाजू. मला स्वतःला हीच सर्वांत रंजक वाटते. सिंगल ॲक्शन म्हणजे प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तो ओढताना आतील एक लहानसे बोट सिलिंडरच्या मागील दात्याला ढकलून ते एक घर फिरवते, आणि खालून एक खिटी वर येऊन सिलिंडरवरच्या खाचेत अडकते. त्या क्षणी कप्पा आणि नळी एका रेषेत हवीत. जराशी चूक झाली तर गोळीची कड तासली जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर आणि नळी यांमधील फटही मोजकीच हवी. ती फार मोठी असेल तर ज्वाला आणि वायू तिथून निसटतात, फार लहान असेल तर काळ्या दारूची काजळी साचून चार-सहा बारांनंतर सिलिंडर फिरेनासे होते. म्हणजे सिलिंडर बसवणे हे डब्याला झाकण लावण्याइतके सोपे काम नव्हते; एका विशिष्ट बंदुकीशी त्याचा मेळ जुळवावा लागे.

कोल्टने 1851 मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे यंत्राने शस्त्रे घडवण्याविषयी निबंध वाचला, आणि अदलाबदल करता येणाऱ्या भागांचा त्याच्या नावाभोवती मोठा गाजावाजा झाला. पण त्याचीच रिव्हॉल्व्हर हातात घेऊन पाहिली तर सांगाडा, नळी, सिलिंडर यांवर तोच अनुक्रमांक ठोकलेला आढळतो. कारण असे की, मऊ अवस्थेतील भाग कारागीर कानशीने घासून एकमेकांशी जुळवत, क्रमांक टाकत, मग ते भाग कठीण करण्यासाठी वेगळे होत आणि क्रमांक पाहून पुन्हा एकत्र येत. कोणतेही सिलिंडर कोणत्याही बंदुकीत खरोखर चालले असते, तर या क्रमांकांची गरजच काय होती? बखर आणि अस्सल पत्र यांत अधिक वजन कशाला द्यायचे, हे मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. इथे जाहिरात ही बखर आहे, आणि लोखंडावरचा क्रमांक हे अस्सल पत्र.

क्रमांकाचा हा युक्तिवाद कोल्टपुरता आहे. रेमिंग्टनचा सांगाडा वरून बंद असल्याने नळी उतरवावी लागत नाही. दांडा खाली करून मधली खीळ ओढली की सिलिंडर बाजूने निघते. म्हणून ही अदलाबदल दाखवणाऱ्या बहुतेक चित्रफितींत रेमिंग्टनच दिसते. पण त्या चित्रफितींतील बंदुका बहुधा इटलीत बनलेल्या आधुनिक प्रतिकृती असतात, आजच्या यंत्रांवर कापलेल्या. त्यांवरून आजच्या कारखान्यांची अचूकता सिद्ध होते. 1864 च्या घोडेस्वाराच्या सवयी सिद्ध होत नाहीत.

त्या घोडेस्वाराला सरकारातून काय मिळत होते? कंबरपट्टा, होल्स्टर, पिस्तुलाच्या काडतुसांची पेटी, टोप्यांची डबी. कागदी काडतुसांची सहा-सहाची पुडकी होती. राखीव सिलिंडरची पिशवी या ठरावीक साहित्यात नाही. कोल्ट आणि रेमिंग्टन यांची प्रत्येकी लाखाहून अधिक रिव्हॉल्व्हर विकत घेणाऱ्या सैन्याला ती देणे अवघड नव्हते. शिवाय टोप्या चढवलेले भरलेले सिलिंडर कमरेला लावून घोडा फेकायचा म्हणजे एखादी टोपी दणक्याने पेटण्याची धास्ती कायमची. कुणा एकाने पदरच्या पैशाने दुसरे सिलिंडर घेऊन जुळवून घेतले असेल, हे मी नाकारत नाही. पण एखाद्याची हौस आणि सैन्याची रीत यांत अंतर असते.

ज्यांना खरोखरच अधिक बार हवे होते, त्यांनी सोपा मार्ग निवडला: आणखी एक रिव्हॉल्व्हर. व्हर्जिनियातील मॉस्बीचे स्वार दोन-दोन बाळगत. मिसुरीतील क्वांट्रिलच्या गनिमी टोळ्या त्याहूनही अधिक, काही कमरेला आणि काही खोगिराला. रिकामी झाली की ठेवायची, दुसरी काढायची. खीळ सांडण्याची भीती नाही, आणि धावत्या घोड्यावर दोन्ही हात गुंतत नाहीत.

धातूची काडतुसे आल्यावर उरलासुरला प्रश्नही मिटला. मागून आरपार छिद्र असलेल्या सिलिंडरचे रोलिन व्हाइटचे 1855 चे पेटंट 1869 मध्ये संपले, आणि 1873 च्या कोल्टमध्ये बाजूचे झाकण उघडून एकेक काडतूस सरकवता येऊ लागले.

गंमत म्हणजे राखीव सिलिंडर आजही विकले जाते, पण वेगळ्याच कामासाठी. रुगर कंपनीच्या सिंगल ॲक्शन 'सिंगल-सिक्स'सोबत दोन सिलिंडर मिळतात, एक .22 लाँग रायफलचे आणि दुसरे .22 मॅग्नमचे, म्हणजे एकाच बंदुकीत दोन प्रकारची काडतुसे. ही जोडी कारखान्यातच त्या बंदुकीशी जुळवली जाते, आणि सुट्या सिलिंडरवर तिच्या अनुक्रमांकाचे शेवटचे तीन आकडे कोरलेले असतात.