भाषण नको, सुई द्या

यंदा जयंतीला पाबळला गेलो होतो. मांडव, निळे झेंडे, माइकवर व्यसनमुक्ती. दारू सोडा, गुटखा सोडा. टाळ्या! भाषण संपल्यावर भरतीची तयारी करणारं एक पोरगं मला बाजूला घेऊन म्हणालं, "दादा, टर्मिन मारल्यानं एड्स होतो का?"

मी गारच पडलो.

टर्मिन म्हणजे मेफेन्टरमाइन. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं बीपी उतरलं तर भूलतज्ज्ञ टोचतात ते औषध. पुण्याच्या जिममधली पोरं दम वाढावा म्हणून ते शिरेत घेतात. सोळाशे मीटर मारायचेत ना! काळजाची काय वाट लागते तो वेगळा विषय.

"सुई आपापली असते," पोरगं म्हणालं, "बाटली तिघांत एक."

दोस्तांनो, मेख इथंच आहे. टोचून झालेली सुई दुसऱ्या डोसाला परत त्याच बाटलीत बुडते. एकाचं रक्त तिघांत. डोळ्यांना दिसतही नाही. हिपॅटायटिस सी चा विषाणू सिरिंजमधल्या उरल्यासुरल्या रक्तात आठवडेच्या आठवडे तग धरतो, नळाच्या पाण्यानं धुवून जात नाही. आणि माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

तुम्ही म्हणाल, हा पुलाखालच्या गर्दुल्ल्यांचा प्रश्न. पोरंही तेच म्हणतात, म्हणून तर मरतात. नॅकोच्या २०२१ च्या पाहणीत सुईनं नशा करणाऱ्या शंभरांत नऊ जणांना एचआयव्ही निघाला. देशातल्या एकूण प्रौढांत हजारी दोन. फरक रक्ताचा नाही, सुईचा आहे.

एचआयव्ही रोखण्यासाठी स्वच्छ सुया वाटणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा नाही. हिपॅटायटिस सी वर २०१८ पासून सरकारी दवाखान्यात फुकट गोळ्या आहेत, बहुतेक बारा आठवड्यांत बरे होतात. बी ची तर लसच आहे. मग आमच्या माइकवर हे का येत नाही? चळवळीची बदनामी होते म्हणे! अरे, पिढ्यान्‌पिढ्या 'लांब हो' ऐकलेल्या माणसांनी आपल्याच पोराला 'तसला' म्हणायचं? नशा सोडवायचीच आहे. पण सोडेपर्यंत ते जितं राहायला नको?

मी त्याला सांगितलं, टर्मिननं नाही, बाटलीनं होतो. सोमवारी दोघं तपासणीला गेलो. फुकट होते. दारातच थबकला. "घरी कळवतील?"

"तुला विचारल्याबिगर नाही. कायदा आहे."

रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण नुकती झालेली लागण लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा जायचंय. बाकीचे दोघं अजून आले नाहीत.